शंभर शब्दांचं मिनिट

४ ऑक्टोबर १९९३, सोमवार

आजपासून लिहायला घेते. कुणाला सांगायची सोय नाही म्हणून. अम्मीला सांगावं तर ती माझ्या दुप्पट घाबरेल, आणि यासेरला सांगावं तर तो दात काढेल. यासेर माझा धाकटा भाऊ. फिजिक्स शिकवतो, त्यामुळे जगातल्या कुठल्याच गोष्टीची त्याला भीती वाटत नाही.

मला वाटते. गुरुवारी पहाटे लातूर हललं तेव्हा पोटात जे हललं ते अजून जागेवर आलेलं नाही. आमच्या गल्लीत सगळे वाचले. किल्लारीकडे गावंच्या गावं गेली, सरकारी दवाखान्याच्या रस्त्यावरून जाववत नाही. आणि मी इथे माझ्या हॉलच्या भिंतीला पडलेल्या एका चिरेची काळजी करत बसले आहे. याची लाज वाटते. पण लाज वाटली म्हणून भीती काही कमी होत नाही.

हॉल म्हणजे आमचा शॉर्टहँडचा क्लास, गुंडप्पांच्या डाळीच्या दुकानावरचा मजला. अब्बांनी जन्मभर चालवला, ते गेल्यापासून मी चालवते. सकाळी तिथे यासेरची फिजिक्सची बॅच, संध्याकाळी माझी स्टेनोची मुलं. चीर फळ्याच्या वरच्या कोपऱ्यातून निघून खिडकीपर्यंत गेली आहे. गुंडप्पांना वर बोलावून दाखवली. चष्मा पुसून म्हणाले, "मॅडम, गिलावा हाय त्यो. भिंतीला कायबी झालं न्हाई. हैदराबादच्या मिस्त्रीनं बांधलीय ही."

मिस्त्री हैदराबादचा आहे हे भूकंपाला कोण सांगणार?

११ ऑक्टोबर

क्लास सुरू केला. करावाच लागला. डिसेंबरात शंभरची परीक्षा आहे. मिनिटाला शंभर शब्द, सलग सात मिनिटं. वाचणारा थांबत नाही, मागे येत नाही. नंतर शॉर्टहँडच्या त्या रेघांवरून सगळा उतारा सरळ मराठीत लिहून द्यायचा.

यंदा शंभरला तिघंच आहेत. भुजंग कोर्टात शिपाई आहे, वयाने माझ्याहून मोठा, आणि साहेबांच्या दाराबाहेर बसण्यापेक्षा दाराच्या आत बसावं एवढीच त्याची इच्छा. वर्षाराणी दालमिलच्या मुनिमांची मुलगी, हुशार आणि रडवी. आणि सिंधु. सिंधु शिरूर अनंतपाळकडची, लातुरात चुलत्याकडे राहते. गावाकडचं घर बसलं, आईवडील शेतात ताडपत्रीखाली आहेत. कलेक्टर कचेरीत पुनर्वसनाच्या कामाला माणसं कमी पडतायत म्हणून तिला ऐंशीच्या सर्टिफिकेटवर तात्पुरतं घेतलं. साहेबांनी स्पष्ट सांगितलंय, या डिसेंबरात शंभर पास झालीस तर पुढे ठेवू, नाहीतर दुसरी बघू. तिच्या घरात नोकरी अशी ही एकच. ती पास व्हायलाच पाहिजे. नमाजात मी हेच मागते, आणि चिरेचं.

मुलांना मात्र शिस्त राहिलेली नाही. तिघंही दाराजवळच्या बाकांवर बसतात, पुढचे बाक रिकामे. मी म्हटलं, "पुढे या." तर भुजंग म्हणतो, "हितंच बसताव मॅडम, वारं येतंय." ऑक्टोबरात कसलं वारं? शिवाय चपला पायात. आजवर सगळे दाराबाहेर काढून येत होते. सिंधु तर पिशवी खांद्याला अडकवूनच लिहिते. मनातून मला वरचा मजला नकोच आहे, पण मुलं रोज न चुकता येतात, त्यांना भीती नाही, मग मास्तरणीने कुठल्या तोंडाने सांगायचं की चला खाली?

२० ऑक्टोबर

आज बरं वाटलं. शंभरच्या वेगात साडेतीन मिनिटं तिघांपैकी कुणीच तुटलं नाही.

हे बाहेरच्या माणसाला समजावता येत नाही. वाचणाऱ्याचा आवाज येतो, पेन्सिल चालते, आणि डोकं कुठेच नसतं. जाड रेघ, बारीक रेघ, आकडा, टिंब. डाव्या अंगठ्याने पानाचा कोपरा आधीच उचललेला, म्हणजे उलटायला वेळ जात नाही. पेन्सिल दोन्हीकडून टोक केलेली. "महाराष्ट्र राज्य सहकारी" एवढं सगळं एका झटक्यात, नखाएवढ्या जागेत. हात बरोबर लागला की अंगावरून गार पाणी गेल्यासारखं वाटतं. अब्बांना सत्तराव्या वर्षीही तसंच वाटायचं. निजामाच्या काळात ते हैदराबादला उर्दूचं शॉर्टहँड शिकले, कचेरीत लागले. मग पोलीस ॲक्शन झालं, राज्य गेलं, पुढे कचेरीची भाषा बदलली. बरोबरचे लोक कपाळाला हात लावून बसले. अब्बांनी मराठीच्या रेघा गिरवायला घेतल्या. आम्ही घरात अजून दखनी बोलतो, पण अब्बा झोपेत बोटाने चादरीवर लिहायचे ते मराठी.

त्यांचा एक रिवाज होता, तो मी चालवते. त्याला ते खलल म्हणायचे. उतारा वाचता वाचता मध्येच काहीतरी भलतंच बोलायचं, पत्र्याचा डबा आपटायचा, कुणाला तरी हाक मारायची. सभेत, कोर्टात लोक असेच ओरडतात. स्टेनोने वर बघायचं नाही, जे कानावर आलं ते कागदावर. एकदा अब्बा "साप, साप" म्हणून ओरडले होते. सगळ्या बॅचने साप लिहिला, एकानेही पाय उचलला नाही. आठवडाभर खूश होते.

मी आज "दूध उतू गेलं, गॅस बंद करा" असं घातलं. तिघांनीही लिहिलं. भुजंग उतारा वाचून दाखवताना हसला तेवढाच.

२ नोव्हेंबर

यासेरने औसा रोडला पत्र्याचं शेड भाड्याने घेतलं. सगळ्या क्लासवाल्यांची तीच धावपळ चाललीय. स्लॅबखाली मुलांना बसवायला आईबाप तयार नाहीत, पण लातूरला शिकवायचं मात्र आहेच. देवणी, उदगीर, पार अहमदपूरहून मुलं येतायत, एकेका पत्र्याच्या खोलीत चौघं राहतायत. इंजिनिअर नाहीतर डॉक्टर. माझ्याकडे स्टेनो व्हायला नवं कुणी येत नाही. यासेर म्हणाला, "आपा, तूपण शेडमध्ये चल. संध्याकाळी रिकामंच असतं."

मी म्हटलं, "पत्र्याखाली आवाज घुमतो. डिक्टेशन होत नाही."

हे खरं आहे. पण तेवढंच खरं नाही. अब्बांचा हॉल सोडला तर लोक म्हणतील जोहरा घाबरली. आणि मुलं? ती माझ्याकडे बघून शिकणार. म्हणून मी रोज जिना चढते. चढताना हाताला घाम येतो आणि कठडा निसटतो.

भुजंग हल्ली माझ्या टेबलावर पाण्याने काठोकाठ भरलेला ग्लास ठेवतो. मला वाटलं, माझ्या घशाची काळजी. पण काल मी तो उचलला तर चक्क नाराज झाला. "ऱ्हाऊ द्या की मॅडम, दुसरं आणून देतो." आणि लगेच पुन्हा भरून ठेवला. लिहिता लिहिता तिघंही मान वर करून ग्लासाकडे बघतात. तहान लागत असेल तर पिऊन का येत नाहीत? यामुळे त्यांचा स्पीड तुटतो.

२२ नोव्हेंबर

दिवाळीच्या सुट्टीत सगळं गंजलंय. सिंधु पाच मिनिटांनंतर मागे पडते. परीक्षा तोंडावर. मी आज फारच चिडले. "उद्यापासून तिघंही पहिल्या बाकावर. वहीतून डोकं वर आलेलं मला दिसता कामा नये."

वर्षाराणीच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ते तिचं नेहमीचंच.

२४ नोव्हेंबर

आजच लिहिते, नाहीतर मी ते कधीच लिहिणार नाही.

काल संध्याकाळी तिघं पहिल्या बाकावर होते. फळ्यासमोर. घसा कोरडा पडला म्हणून सुरू करण्याआधी मी टेबलावरचं पाणी पिऊन टाकलं. भुजंग उठायला लागला, मी म्हटलं, "बस. घड्याळ लावलंय."

चौथं मिनिट चालू असताना आधी पायाखालून आवाज आला. मग खिडकीची तावदानं. मला वाचता वाचताच कळलं. मी ओरडले, "उठा! बाहेर पळा! भूकंप!" आणि कागद टाकून पळाले. जिना कसा उतरले आठवत नाही. रस्त्यावर सगळी दुकानं बाहेर आली होती. गुंडप्पा डाळीच्या पोत्याला धरून उभे होते. मी मागे वळले. माझ्यामागून कुणीच आलेलं नव्हतं.

आधी काही सुचलं नाही. मग सुचलं.

ते लिहीत होते.

गुंडप्पा "मॅडम, जाऊ नगा" म्हणून ओरडले. मी गेले. मी शूर आहे म्हणून नव्हे. खाली वाट बघत बसण्याची भीती वर जाण्याच्या भीतीपेक्षा मोठी होती, एवढंच. वर हॉलमध्ये चुन्याची धूळ भरली होती आणि त्या धुळीत तीन माना खाली. मी दारातून ओरडले, "सिंधु! भुजंग! वर्षाराणी! उठा!" कुणी मान वर केली नाही. तिन्ही पेन्सिली चालल्या, त्यांची नावंसुद्धा लिहिली असतील. मी बाकापर्यंत गेले आणि सिंधुच्या वहीवर तळहात ठेवला. पेन्सिल माझ्या हातावरून फिरली. तेव्हा तिने वर बघितलं. माझा चेहरा बघून तिने किंकाळी फोडली, आणि त्या किंकाळीने बाकीचे दोघे उठले.

आम्ही दारात होतो तेव्हा फळ्यावरची भिंत बाकावर आली. भुजंगच्या खांद्याला एक वीट लागली, बाकी काही नाही.

खाली आल्यावर सिंधु माझा हात सोडेना. म्हणाली, "मॅडम, मला वाटलं खलल करायलाव तुमी."

मी अब्बांवर आयुष्यात कधी रागावले नव्हते. काल रागावले. मग आठवलं, अब्बा कुठे होते तिथे? मीच होते. आणि टेबलावरचा तो भरलेला ग्लास जमीन हलली की पाणी हललेलं दिसावं म्हणून होता, तो पिऊन टाकणारीही मीच.

२९ नोव्हेंबर

यासेरच्या शेडमध्ये क्लास. एका शब्दाने टोमणा मारला नाही त्याने. स्वतः बाक उचलून आणले.

पण मुलं लिहू शकत नाहीत. मी वाचायला लागले की तिघंही माझ्या तोंडाकडे बघतात. एक शब्द लिहायचा, वर बघायचं. दुसरा लिहायचा, वर बघायचं. शंभरचं सोडा, साठलाही तुटतायत. वर्षाराणी म्हणाली, "मॅडम, तुमी खरं बोलताव का उताऱ्यातलं, कसं वळखायचं आमी?"

मी त्यांच्यासमोर अम्मीची शपथ घेतली की यापुढे कधीही खलल करणार नाही, कागदावर आहे तेवढंच माझ्या तोंडून येईल. त्यांनी मान डोलावली. आणि पुढचा शब्द लिहून पुन्हा वर बघितलं.

सिंधुच्या कचेरीत साहेबांनी विचारलं म्हणे, परीक्षेचं कुठवर आलं.

३ डिसेंबर

रात्रंदिवस डोक्यात तेच होतं, आज मार्ग सापडला. त्यांना माझ्याकडे बघायचं काही कारणच उरता कामा नये. मी म्हटलं, "हे बघा. कानांनी लिहायचं आणि पायांनी राखण करायची. पायाखाली जरा जरी हललं तर पेन्सिल टाकायची, उठायचं, बाहेर. मला विचारायचं नाही, कुणालाच विचारायचं नाही. वाचणारा वाचत असला तरी उठायचं. परीक्षा असली तरी."

"परीक्षेतबी?" भुजंगने विचारलं.

"परीक्षेतसुद्धा. परीक्षा पुन्हा येते."

मग सराव केला. बाकांखाली एक लांब फळी घातली. मी वाचायचं आणि यासेरने मागे उभं राहून केव्हातरी फळीवर पाय आपटायचा. पहिल्यांदा सिंधु उठली, दोघं राहिले. पाचव्या-सहाव्यांदा यासेरचा पाय पडायचा अवकाश, तिघंही दाराबाहेर. यासेर म्हणाला, "आपा, असली शिस्त माझ्या बॅचला पण लाव."

११ डिसेंबर

स्पीड परत आला! सात मिनिटं, शंभर, तिघांनीही. वर कुणी बघत नाही. वहीत डोकं, पाय जमिनीवर. चपलासुद्धा काढून ठेवतात, कारण उघड्या पायाला लवकर कळतं, असं भुजंगचं म्हणणं. सिंधुच्या बारीक रेघा इतक्या स्वच्छ पडल्यात की मी तिची वही घरी आणून अम्मीला दाखवली. अम्मीला त्यातलं ओ की ठो कळत नाही. तरी म्हणाली, "मुलीचा हात छान आहे."

आज पोटात काही हललं नाही. किती दिवसांनी!

१८ डिसेंबर, नांदेड

लातूरचं परीक्षा केंद्र भूकंपामुळे या वेळी नांदेडला हलवलंय. सकाळच्या एसटीने आलो. वर्षाराणीला अहमदपूरपर्यंत तीनदा उलटी झाली. मामूजानच्या घरी उतरलो आहोत, भुजंग त्याच्या पाहुण्यांकडे.

संध्याकाळी केंद्र बघून आले. शाळेची इमारत, परीक्षा दुसऱ्या मजल्यावर. जिना अरुंद आहे. भिंतींवरून हात फिरवून आले, चीर कुठे दिसली नाही. शिपाई विचारत होता, बाई काय शोधताय.

सिंधु शांत आहे. मलाच म्हणाली, "तुमी जेवा मॅडम."

१९ डिसेंबर, रविवार

मुलं दहाला वर गेली. मला फाटकाच्या आत, अंगणात बसू दिलं. त्यांच्या पिशव्या माझ्याजवळ होत्या. वाचणाऱ्या बाईंचा आवाज खिडकीतून स्वच्छ येत होता. चांगला आवाज, एकसारखा, अब्बांना आवडला असता. उतारा सहकारी पतपेढ्यांवर होता, अवघड काही नव्हतं. मला मनातून आनंद व्हायला लागला.

दुसरं मिनिट संपत असेल. फाटकाबाहेर रस्त्याच्या वळणावर रोडरोलर दिसला. रविवारी कसलं काम काढलं होतं कोण जाणे. घरघरत शाळेच्या भिंतीला लागून येत होता. मी बघत होते, माझ्या डोळ्यांसमोर होता, म्हणून मला जरासुद्धा भीती वाटली नाही. पायाखालची फरशी थरथरायला लागली तरी नाही वाटली. मग वरची तावदानं वाजली, आणि मला कळलं आता काय होणार.

मी फाटकाकडे पळाले. रोलरवाल्याला दोन्ही हात केले, थांब, थांब. त्याला वाटलं मी रस्ता मागतेय, त्याने मान हलवून मला आधी जायला सांगितलं. वर ओरडून सांगावं, तर वाचन चालू असलेल्या खोलीत ओरडायचं? आणि ओरडले असते तरी माझ्या ओरडण्यावर त्यांनी आता विश्वास का ठेवावा? मीच तो मोडून काढला होता. कुणालाच विचारायचं नाही, असं सांगितलं होतं.

जिन्यात पावलं वाजली. तिघंही आली. अनवाणी, ओळीने, ढकलाढकली नाही, धावपळ नाही. शिकवलं होतं तस्सं. मागून शिपाई ओरडत होता की बाहेर गेलेल्याला परत आत घेणार नाही.

सिंधु सगळ्यांत पुढे होती. धापा टाकत म्हणाली, "आलो मॅडम. तिघंबी आलाव."

मी रस्त्याकडे बघितलं, मग तिने बघितलं. रोलर फाटकासमोरून चालला होता. भुजंगने त्याच्याकडे बघितलं, स्वतःच्या पायांकडे बघितलं आणि खाली बसला. वर्षाराणी रडायला लागली. वरून बाकी कुणीही उतरलं नाही. पन्नास-साठ जण तसेच लिहीत होते.

मी शिपायाच्या हातापाया पडले. केंद्रप्रमुखांना बोलवायला लावलं. ते जिन्यातच उभे राहून म्हणाले, बाई, वाचन चालू आहे, नियम आहे, मेमध्ये पुन्हा बसवा. बरोबरच होतं त्यांचं. मी रागवावं असं तिथे कुणी नव्हतं, मी सोडून.

परत आले तर सिंधुने पिशवीतून सरावाची वही काढली होती. खालच्या पायरीवर बसून, वही गुडघ्यावर धरून ती लिहीत होती. वरून आवाज येतच होता, मिनिटाला शंभर. भुजंगनेही वही काढली. वर्षाराणीने ओढणीने नाक पुसलं आणि ती त्यांच्याशेजारी बसली. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. उघड्यावर, उन्हात, तिघांच्या पेन्सिली एका लयीत चालल्या होत्या, आणि तिघांच्या चेहऱ्यावर मी तीस सप्टेंबरपासून बघितली नव्हती अशी शांतता होती. मला रडू आलं. मी रडले. त्यांनी वर बघितलं नाही.

आवाज थांबला तसे ते थांबले. भुजंग म्हणाला, "लई झ्याक वाचलं बाईनं." वर्षाराणी चक्क हसली. मग तिथेच बसून त्यांनी उतारा मराठीत उतरवून काढला, परीक्षेत काढतात तसाच. सिंधुने तिचे कागद माझ्यापुढे धरले. "तपासा की."

मी तपासले. मधला गेलेला तुकडा सोडला तर चुका अगदी थोड्या होत्या. मी पेन्सिलने एकेक खूण करून तिला दाखवली: हा शब्द सुटला, हा जास्तीचा आलाय. बेरीज केली नाही. पास झाली असतीस, हे माझ्या तोंडून निघालं नाही.

तिने कागद घेतले, नीट घडी घातली.

"ऱ्हाऊ द्या मॅडम," म्हणाली, "मला मोजता येतंय."